मिठाचा नाका

लोणारला गेलेल्या माणसाला लवणासुराची गोष्ट ऐकल्याशिवाय परत येता येत नाही. हा दैत्य जमिनीखालच्या गुहेत राहायचा आणि वर येऊन सगळ्यांना छळायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींना भुलवून त्याचा ठावठिकाणा काढला आणि पायाच्या अंगठ्यानं गुहेवरचं झाकण उडवून दिलं. ते झाकण कितीतरी कोस लांब ढाकेफळला जाऊन पडलं. तिथली टेकडी म्हणजे तेच झाकण, असं सांगतात. दैत्य मेला. सरोवरातलं पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि त्या पाण्यातला क्षार म्हणजे त्याचं विरघळलेलं मांस. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर याच कथेचं.

भूशास्त्रज्ञ वेगळी गोष्ट सांगतात. बेसाल्टच्या थरांवर अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. तो ५० हजार वर्षांपूर्वी पडला की साडेपाच लाख वर्षांपूर्वी, याचं उत्तर मोजणीच्या पद्धतीप्रमाणे बदलतं. पण रक्त आणि मीठ एका दमात सांगणाऱ्या त्या जुन्या कथाकाराची नजर पक्की होती. बोट कापलं आणि तोंडात घातलं की रक्त खारट लागतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. ते खारट का राहतं, दिवसभर उन्हात घाम गाळला तरी त्यातलं मीठ संपत कसं नाही, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली जेमतेम चार-पाच ग्रॅमची एक ग्रंथी हे काम पाहते. मराठी पुस्तकांत तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात ‘ॲड्रिनल’ हाच शब्द चालतो.

ही ग्रंथी निकामी झाली की माणूस हळूहळू अळणी होत जातो. जिभेला नाही, रक्तातच. हा आजार फार लोकांना होत नाही आणि ज्यांना होतो त्यांचाही बरेचदा महिनोन्‌महिने ओळखू येत नाही. लोणार ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, त्याला मिठाचा इतिहास मात्र भरपूर आहे. तो इतिहास शेजारी ठेवून पाहिलं, तर हा आजार समजायला सोपा जातो.

जिल्ह्याला मीठ दोन बाजूंनी भेटतं. दक्षिणेला लोणार, उत्तरेला पूर्णेचं खोरं.

लोणारच्या क्षाराची कीर्ती अकबराच्या दरबारापर्यंत गेली होती. अबुल फझलनं ‘आइन-ए-अकबरी’त मेहकर सरकारात या जागेची नोंद केली आहे. काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथं मिळतं, त्यावरच्या जकातीतून सरकारला चांगलं उत्पन्न येतं, असं तो लिहितो. ब्राह्मण या जागेला विष्णुगया मानतात हेही तो नोंदवतो. सरोवराचं पाणी इतकं अल्कधर्मी, की त्यात मासा जगत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर आणि चिखलात क्षाराचे थर धरायचे. ते काढणाऱ्यांनी प्रत्येक थराला वेगळं नाव दिलं होतं: डल्ला, निमक, खुप्पल, पापडी, भुस्की. कुठला खडा स्फटिकासारखा, कुठला मातकट, कुठला पिठासारखा, हे हाताला कळायचं. सोडा जास्त की खाण्याचं मीठ जास्त, यावर त्याची किंमत ठरायची. या क्षारातला मोठा भाग सोड्याचा होता. पापडखार म्हणून तो घराघरांत गेला. बाकीचा रंगाऱ्यांकडे, साबणवाल्यांकडे, काचेच्या भट्ट्यांकडे. १९१२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी या सरोवराच्या भूशास्त्रावर लिहिलं, तेव्हा तिथल्या क्षारांचाही अभ्यास केला. पुढे कारखान्यात बनलेला सोडा स्वस्तात मिळू लागला आणि लोणारचा धंदा बसला. आता ते रामसर क्षेत्र आहे, पर्यटक येतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचं काम असल्याचं सांगितलं. या जातीचे जीव खाऱ्या पाण्यात टिकण्यासाठी आपल्या पेशीत पोटॅशियम भरून ठेवतात. हे इथं सांगायचं कारण पुढे येईल.

उत्तरेकडचं मीठ दिसत नाही, ते पाण्यात आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद आणि पुढे अकोला, अमरावतीपर्यंत पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेला हा पट्टा म्हणजे खारपाणपट्टा. विहीर खणली की पाणी लागतं आणि ते तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ‘गोडं पाणी’ हा शब्द इथं फार मोलाचा आहे. ज्या गावात गोड्या पाण्याची एक विहीर, त्या गावाला पोरगी द्यायला बाप तयार, असं जुने लोक सांगतात.

या खाऱ्या पाण्याचंही एकेकाळी मोल होतं. अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याच्या आसपास खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून मीठ काढायचे. ते पांढरंशुभ्र नसेल, पण वऱ्हाडाच्या भाकरीला पुरत होतं. बाकीचं मीठ कोकणच्या आगरांतून बैलांच्या पाठीवर यायचं. ते आणणाऱ्या लमाणांचं नावच लवणावरून पडलं, असं मानतात. मिठाची पोती घेऊन यायचं, धान्य आणि कापूस घेऊन परतायचं. बुलढाण्याच्या घाटावर, लोणार-मेहकर भागात अजून तांडे आहेत, पण ओझी वाहणारे बैल कधीच गेले. मलकापूर, नांदुरा, शेगाववरून धावणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि मीठ डब्यांतून येऊ लागलं.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मिठावरचा कर हा कंपनी सरकारचा आणि पुढे राणीच्या सरकारचा हक्काचा पैसा. लोक आपापल्या विहिरीतून मीठ काढू लागले तर तो बुडणार, म्हणून खारपाणातलं मीठ काढणं बंद पाडण्यात आलं. पायाखाली मीठ आणि विकत घ्यायलाही मीठच, अशी अवस्था झाली. जळगाव जामोदहून सातपुडा ओलांडला की बुऱ्हाणपूर येतं. मिठाचा कर चुकवून कुणी माल नेऊ नये म्हणून इंग्रजांनी उभारलेलं काटेरी कुंपण सिंधूकाठच्या लेय्यापासून निघून थेट या बुऱ्हाणपुरापर्यंत येत होतं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग लावून ते जागोजाग बारा फूट उंच वाढवलं होतं. १८६९ मध्ये ही जकातरेषा सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळपास १२,००० माणसं पहारा देत होती. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम त्या खात्याचे कमिशनर असताना कुंपणाची लागवड जोरात झाली. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत होते. १ एप्रिल १८७९ ला रेषा मोडली, कुंपण सुकून गेलं. कर मात्र राहिला. एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं आणि वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी समुद्राची वाट न पाहता दहिहांड्याचं खारं पाणी उकळून कायदा मोडला. साठ-सत्तर वर्षं बंद पडलेल्या विहिरींचं पाणी त्या दिवशी पुन्हा कढईत गेलं.

कर का बसवला होता, यामागचं कारण सरळ होतं. माणूस मिठाशिवाय राहू शकत नाही, त्यामुळे गरिबातला गरीबही ते घेणारच. नाक्यावर शिपाई उभा केला की पैसा जमा.

शरीराचा नाकाही असाच आहे, फक्त तिथला शिपाई मीठ बाहेर जाऊ नये म्हणून उभा असतो. मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्या द्रवासोबत दीड किलोच्या जवळपास मीठ बाहेरच्या वाटेला लागतं. त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं. अगदी शेवटचे दोनेक टक्के परत घ्यायचे की सोडून द्यायचे, हे अधिवृक्क ग्रंथीचं अल्डोस्टेरॉन ठरवतं. दोन टक्के म्हणजे थोडेच वाटतात. पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपास मीठ, एखाद्या माणसाच्या रोजच्या खाण्यातल्या मिठाच्या तिप्पट. शिपाई नाक्यावरून उठून गेला की एवढी गळती सुरू होते. मिठामागोमाग पाणी जातं, रक्तदाब उतरतो आणि ज्या पोटॅशियमनं बाहेर जायचं ते आत साचत राहतं. लोणारच्या गुलाबी जीवांना पोटॅशियमचा साठा मानवतो. माणसाच्या हृदयाला तो सोसत नाही.

या ग्रंथीची साल दुसरंही एक रसायन करते, कॉर्टिसॉल. ताप, जखम, उपवास, भीती, ऑपरेशन, कुठलाही ताण आला की ते वाढतं आणि शरीर तग धरतं. ग्रंथीच्या गाभ्यातून येतं ते ॲड्रिनलीन. जगानं आधी गाभ्याला ओळखलं. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी विसाव्या शतकाच्या तोंडाशीच ॲड्रिनलीन शुद्ध स्वरूपात मिळवलं. विंचू चावल्यावर काय होतं तेही याच गाभ्याशी जुळलेलं. लाल विंचवाच्या विषानं ॲड्रिनलीनसारख्या रसायनांचा लोंढा उसळतो आणि हृदय कोलमडतं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला प्राझोसिन वापरून हे मृत्यू कसे थांबवले, ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. सालीची गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत आहे, आणि जीव जातो तो साल गेल्यामुळे.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये थॉमस ॲडिसन नावाचे अबोल, लाजरे डॉक्टर होते. काही रुग्ण दिवसेंदिवस खंगत जातात, त्यांच्या कातडीवर तपकिरी झाक चढते, पोट बिघडतं, नाडी क्षीण होते आणि मग ते मरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी खराब झालेल्या दिसायच्या. १८५५ मध्ये त्यांनी ११ रुग्णांची हकीकत रंगीत चित्रांसह छापली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयानं पोखरल्या होत्या. तोवर या ग्रंथींचं शरीरात काही काम असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. ते प्राणी जगले नाहीत. आजाराला ॲडिसनचं नाव मिळालं, पण उपाय सापडायला आणखी पाऊणशे वर्षं गेली.

सुरुवातीच्या उपायांत मीठच होतं. १९३० च्या सुमाराला प्राण्यांच्या ग्रंथींचा अर्क टोचून काही रुग्ण सावरले. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट लोब यांना या रुग्णांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं आणि १९३२-३३ मध्ये त्यांनी भरपूर मीठ देऊन रुग्णांना बराच काळ उभं ठेवलं. मीठ पुरेसं नव्हतं, पण दार कुठे आहे ते कळलं.

त्याच काळातली एका मुलाची नोंद वैद्यकाच्या इतिहासात राहिली आहे. ती १९४० मध्ये बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिक्टर यांनी छापली. हा मुलगा वर्षाचा असल्यापासून बिस्किटावरचं मीठ चाटायचा आणि बिस्किट टाकून द्यायचा. त्याला पहिले जे मोजके शब्द बोलता आले, त्यांत ‘मीठ’ होता. मिठाची बाटली कपाटात ठेवली की तो रडून मागायचा, हातात मिळाली की चमच्यानं खायचा. आईवडिलांना ती खोड वाटली. साडेतीन वर्षांचा असताना वेगळ्याच तक्रारीसाठी त्याला रुग्णालयात दाखल केलं. तिथं त्याला बाकीच्या मुलांसारखंच जेवण मिळालं, मिठाची बाटली नव्हती. सातव्या दिवशी तो गेला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या दिसल्या. साडेतीन वर्षं त्या पोरानं स्वतःचं औषध स्वतः शोधून घेतलं होतं आणि मोठी माणसं ते काढून ठेवत होती. ही नोंद ज्यानं एकदा वाचली, त्याला घरातल्या कुणी ‘मला लोणचंच पाहिजे, मला वरून मीठ पाहिजे’ असा हट्ट धरला तर तो निव्वळ चवीचा वाटत नाही.

गोळ्या त्यानंतर आल्या. मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी वेगळं केलेलं संयुग फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताच्या एका रुग्ण बाईला टोचलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. हे कॉर्टिसोन. केंडल, हेंच आणि स्वित्झर्लंडचे तादेउश राइखश्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. १९५३ मध्ये सिल्व्हिया आणि जेम्स टेट या दोघांनी, राइखश्टाइन यांच्या साथीनं, अल्डोस्टेरॉन वेगळं केलं. काही वर्षांतच त्याचं काम करणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी हाताशी आली. ज्या आजारात माणूस वर्षा-दोन वर्षांत जायचा, त्यात तो म्हातारा होऊ लागला. १९४७ मध्ये लंडनमध्ये हाच आजार निदान झालेला एक तरुण पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. जॉन केनेडींनी ते जगापासून लपवून ठेवलं.

बुलढाण्याच्या गावात हा आजार कसा दिसेल? सकाळी उठवत नाही, हातपाय गळाल्यासारखे होतात. वजन उतरतं, जेवण नकोसं होतं, उलट्या होतात, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. कातडी काळवंडते. कपाशीत आणि तुरीत राबणाऱ्या माणसाबद्दल घरचे ‘उन्हानं रापला’ म्हणून सोडून देतात. पण उन्हाचा रंग चेहऱ्यावर आणि मनगटापुढे चढतो. या आजाराचा रंग तळहाताच्या रेषांत, बोटांच्या सांध्यांवर, नव्या जखमेच्या वणावर, हिरड्यांवर चढतो. हिरडीवर सूर्य पोचत नाही. एवढं पाहायला यंत्र लागत नाही, बॅटरी आणि मिनिटभर वेळ पुरतो.

मग माणूस दवाखान्यात जातो आणि सलाईन लावतो. वऱ्हाडात ‘दोन सलाईन लावल्या की बरं वाटतं’ हे वाक्य रोज ऐकू येतं आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याचा फारसा अर्थ नसतो. या रुग्णाच्या बाबतीत तो आहे. सलाईनच्या बाटलीत मीठ आणि पाणी असतं, म्हणजे नेमकं जे त्याच्या शरीरातून गळतंय तेच. कधी त्यासोबत स्टेरॉइडचं इंजेक्शनही दिलेलं असतं. दोन-चार दिवस तो ताजातवाना होतो, शेतात जातो, पुन्हा कोसळतो, पुन्हा सलाईन. प्रत्येक वेळी बरं वाटल्यामुळे मूळ दुखणं कुणी शोधत नाही. वारंवार सलाईननं ‘जादू’ होत असेल, तर रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि सकाळचं कॉर्टिसॉल तपासायला लावायला हवं. या तपासण्या आता जिल्ह्याच्या ठिकाणी होतात.

ग्रंथी बिघडण्याची कारणंही या भागाला ओळखीची आहेत. ॲडिसनच्या काळातला क्षय आपल्याकडे अजून आहे, आणि भारतात अधिवृक्क ग्रंथी जाण्यामागे तो आजही मोठं कारण आहे. त्यात एक पेच आहे. क्षयावरचं रिफाम्पिसिन शरीरातलं कॉर्टिसॉल लवकर मोडून टाकतं. ग्रंथी आधीच अर्धमेल्या असतील तर क्षयाचा उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रुग्ण कोसळू शकतो. घरच्यांना वाटतं गोळ्या सोसत नाहीत, आणि ते गोळ्याच बंद करतात.

दुसरं कारण शेतातलं. घोणस चावून वाचलेल्या माणसाच्या मेंदूखालची पीयूष ग्रंथी कधीकधी कायमची निकामी होते. मग तिचा हुकूम न आल्यानं अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल करायचं थांबवते. ब्रह्मदेशातल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हे ठळकपणे मांडलं, भारतातल्या डॉक्टरांनी त्याआधीच, १९७६ मध्ये, नोंदवलं होतं. चावल्याला वर्षं लोटलेली असतात, त्यामुळे सापाचा आणि थकव्याचा संबंध कुणी जोडत नाही. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या बाईचंही असंच होतं. ग्लासगोच्या हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये ते वर्णन केलं. बाळाला दूध उतरत नाही, पाळी परत येत नाही, आणि दहा वर्षांनी ती ‘नेहमीच दमलेली’ असते. या दोन्ही प्रकारांत रंग काळवंडत नाही, उलट फिकटतो, आणि मिठाची ओढही नसते. मिठाचा नाका मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावर चालतो, म्हणून तो शाबूत राहतो.

तिसरं कारण माणसानं निर्माण केलेलं आहे आणि ते सगळ्यांत जास्त आढळतं. सांधेदुखीसाठी, दम्यासाठी, खाजेसाठी, भूक लागावी म्हणून महिनोन्‌महिने दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. कधी ती नाव नसलेल्या पुडीत असते, ‘जडीबुटी’ म्हणून. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर शरीराची ग्रंथी काम सोडून झोपी जाते. पुडी एकाएकी बंद झाली की ती लगेच जागी होत नाही. पुडी देणारा गाव सोडून गेला आणि आठवड्यात म्हातारी अंथरुणाला खिळली, असं झालं तर त्या दोन गोष्टींचा संबंध आहे. अशी गोळी बंद करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यानं, टप्प्याटप्प्यानं.

निदान झाल्यावर जगणं अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून दोन-तीनदा, सकाळचा डोस मोठा. ग्रंथीच गेली असेल तर सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोनची छोटी गोळी. ही छोटी गोळी तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही, म्हणून महिनाभराचा साठा आधी करून ठेवावा लागतो. ताप आला तर डोस दुप्पट किंवा तिप्पट. हे घरात सगळ्यांना माहीत हवं, कारण तापात रुग्णाला स्वतःला सुचत नाही. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शनला पर्याय नाही. साखर-मिठाचं पाणी या वेळी पुरत नाही.

आणि मीठ. शेगावचा मे महिना ४४-४५ अंशांवर जातो. मजुराच्या बनियनवर दुपारी पांढरे नकाशे उमटतात. ते त्याच्या घामातलं मीठ. निरोगी शरीर आठवड्याभरात शिकतं, अल्डोस्टेरॉन वाढतं आणि घामातलं मीठ कमी होतं. ॲडिसनच्या रुग्णाचं शरीर हे शिकू शकत नाही. त्यानं उन्हाळ्यात मीठ वाढवायचं असतं, ताकात, ठेच्यात, आमसुलाच्या सारात. त्याच गावात शेजारच्या घरी मूत्रपिंडाचा रुग्ण असतो, कारण संग्रामपूर-जळगाव जामोद भागात तेही दुखणं फार आहे. त्याला डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलेलं असतं. रक्तदाबवाल्यालाही तेच, जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. हे सगळं त्यांच्यासाठी बरोबर आहे. पण पारावर बसून एक माणूस दुसऱ्याला ‘मीठ सोड, बरं वाटेल’ सांगतो आणि तो सल्ला चुकीच्या घरी पोचतो.

उपासांचंही तेच. वऱ्हाडातल्या बायकांच्या व्रतांत अळणी जेवणाची व्रतं आहेत, हरितालिकेचा निर्जळी उपास आहे, चातुर्मासात कुणी मीठच सोडतं. या व्रतांमागे श्रद्धा आहे आणि तिला हात लावायचं कारण नाही. मात्र ज्या बाईच्या अधिवृक्क ग्रंथी गेल्या आहेत, तिच्यासाठी अळणी उपास म्हणजे बाल्टिमोरच्या त्या पोरासमोरून बाटली उचलून ठेवण्यासारखंच. सासूला किंवा पोथी वाचणाऱ्या गुरुजींना हे शांतपणे सांगितलं तर ते ऐकतात. व्रतात मीठ सोडण्याऐवजी गोड किंवा आवडीची भाजी सोडायची, असा तोडगा तेच काढून देतात.

हॉटेलात, एसटीत, वारीत, शेतात, रुग्णाच्या खिशात एक कार्ड असावं, मराठीत लिहिलेलं: आजाराचं नाव, रोजच्या गोळ्या, आणि शुद्ध हरपली तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलीग्रॅमचं इंजेक्शन आधी, चौकशी नंतर. हे इंजेक्शन दुर्मीळ नाही. सापाच्या लसीची रिॲक्शन आली किंवा दम्याचा झटका आला तर तेच देतात, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधाच्या कपाटात ते सहसा असतंच, सर्पदंशाच्या लसीच्या आसपास. फक्त रात्री दोन वाजता दार उघडणाऱ्या नर्सताईला त्याचं नाव सांगणारं कुणीतरी सोबत हवं.